पार्श्वभूमी : छोट्या गाडीचं वाढलेलं चाक आणि गेलेली स्टेपनी

जालना, लातूर, परभणीच्या टायरच्या दुकानांत सध्या दोन प्रश्न हटकून निघतात. छोट्या गाडीला एक इंच मोठी अलॉय (मिश्रधातूची रिम) बसवली तर पिकअप आणि ॲव्हरेज किती जाईल, हा पहिला. नव्या गाडीत स्टेपनीच नाही, तर रात्री आडरस्त्याला टायर फाटल्यावर काय करायचं, हा दुसरा. दोन्हींचं मूळ गेल्या वीस वर्षांत चाकाबाबत जे निर्णय झाले त्यांत आहे.

मोठी रिम आपल्याला नवी नाही. अँबेसेडर १५ इंची रिमवर चालायची, पद्मिनी १४ इंची. पण टायर अरुंद आणि उंच असायचे, रिमभोवती रबराची भरपूर भिंत असायची. युरोपात १९५९ साली मिनी १० इंची चाकं घेऊन आली आणि गाडीच्या आतली जागा वाचली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तीही त्याच विचाराची : ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, साडेसहाशे किलोंच्या आसपास वजन आणि १२ इंची रिम. तिच्या १४५/७० आर १२ (रुंदी १४५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १२ इंची) टायरची जमिनीपासूनची उंची जेमतेम ५१ सेंटिमीटर भरते. इंजिनाची ताकद, गिअरचं प्रमाण आणि चाकाचा व्यास या तीन गोष्टी कारखाना एकत्र ठरवतो. नंतर चाक बदललं की उरलेल्या दोन गोष्टी तशाच राहतात आणि गणित बिघडतं.

वजनाबद्दल मात्र एक चुकीचा समज घट्ट बसला आहे. चाकावर वाढलेला एक किलो म्हणजे गाडीत वाढलेले चार किलो, कुणी तर आठ सांगतं. फिरणाऱ्या वस्तूला पुढेही ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून वेग घेताना ती जड भासते, हे खरं. पण सगळं वजन अगदी बाहेरच्या कडेला असलं तरी ते दुपटीपलीकडे जात नाही. ट्रेडचं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याचं, रबर दुपटीच्या जवळ जातं, रिम त्याहून बरीच कमी. चारही चाकं प्रत्येकी तीन किलोंनी जड झाली तर वाढ १२ किलोंची. वेग घेताना ती फार तर २४ किलोंइतकी वाटेल. दोन माणसं धरून हजार किलो भरणाऱ्या गाडीत ही वाढ अडीच टक्क्यांच्या आत आहे. एकसारख्या वेगात चाललेल्या गाडीला तर तीही जवळपास जाणवत नाही.

पिकअप जातो तो बाहेरच्या व्यासामुळे. १५५/८० आर १३ काढून १७५/७० आर १४ बसवला की व्यास ५७८ मिलिमीटरवरून ६०१ वर जातो, म्हणजे चार टक्के वाढ. प्रत्येक गिअरमध्ये रस्त्यापर्यंत पोचणारा जोर जवळपास तेवढाच घटतो. चार माणसं, एसी चालू आणि मांजरसुंब्याचा घाट असेल तर हजार सीसीच्या गाडीला एक गिअर लवकर उतरावं लागतं. शिवाय स्पीडोमीटर आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही पूर्वीपेक्षा चार टक्के कमी दाखवू लागतात. त्यामुळे हिशेबात ॲव्हरेज जितकं पडलेलं दिसतं, त्यातला एक भाग नुसता मोजणीचा असतो. उरलेला भाग रुंद टायरच्या जादा घर्षणाचा.

जड चाकाचा मार बसतो तो खड्ड्यात. चाक स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं जड, तितकं उसळल्यावर आवरायला कठीण. शॉकअब्सॉर्बर त्याला वेळेत खाली आणू शकला नाही तर टायर क्षणभर रस्ता सोडतो, आणि धक्का बुश, बॉल जॉइंट अशा चाकाच्या सांध्यांतून बॉडीपर्यंत येतो. मराठवाड्यात हा मुद्दा पिकअपपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे, कारण इथले रस्ते बहुतांशी काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर कितीही नीट असलं तरी खालचा थर हलतो, कडा तुटतात, आणि एका पावसाळ्यात सरळ रस्त्याला लाटा पडतात.

छोट्या गाड्यांची चाकं मोठी होऊ लागली त्यामागे एक करनिर्णयही आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. गाडीची लांबी तिथेच बांधली गेली. स्वस्त आणि महाग मॉडेलमधला फरक बाहेरून दाखवायला मग उंची, दिवे आणि चाकं उरली. दुचाकींवर अलॉय रूढ झाली होतीच, तरुण गिऱ्हाइकाची नजर तयार होती. ओतीव अलॉय हलकी असतेच असं नाही, हे तेव्हाही कुणी ठासून सांगितलं नाही. एक इंच मोठी अलॉय बऱ्याचदा लहान लोखंडी रिमइतकीच, कधी तिच्याहून जड भरते.

कारखान्याने एक गोष्ट नीट सांभाळली : बाहेरचा व्यास. पहिल्या स्विफ्टचा १६५/८० आर १४, नंतरच्या वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर १५ आणि बलेनोचा १९५/५५ आर १६ हे तिन्ही टायर ६२० मिलिमीटरच्या आसपासच भरतात. गिअरचं गणित त्यामुळे बिघडत नाही. पण रिम आणि रस्ता यांच्यामधली रबराची भिंत १३२ मिलिमीटरवरून १२० आणि पुढे १०७ वर आली. तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात आधी ही भिंत दबते, मग रिम आपटते. टायरला फुगा येतो किंवा ही भिंत, म्हणजे साइडवॉल, कापली जाते, रिम वाकते. आपल्या रस्त्यांवर एक इंच मोठ्या अलॉयची खरी किंमत ही आहे.

याच काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्राने स्टेपनीचा नियम बदलला. साडेतीन टनांच्या आतल्या, चालकासह नऊ आसनांपर्यंतच्या गाडीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीचं किट दिलं असेल तर जादा चाकाची सक्ती उरली नाही. तीन कारणं पुढे आली : परदेशांत हीच पद्धत आहे, वाचलेल्या जागेत इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी बसेल, आणि गाडी हलकी होईल. जागेचं कारण पटण्यासारखं आहे. शहरात फिरणाऱ्या अनेकांना स्टेपनी कधी लागत नाही, आणि लागते तेव्हा तिच्यात हवा नसते, हेही मान्य.

वजनाचं कारण मात्र तपासायला हवं. छोट्या गाडीची स्टेपनी जॅक-पान्यासह साधारण पंधरा किलो. ती डिकीत पडून असते, फिरत नाही. म्हणून पंधरा किलो ते पंधराच. हजार किलोंत दीड टक्का. रुंद टायर आणि मोठ्या अलॉयने चार चाकांत मिळून जवळपास तेवढंच वजन वाढू शकतं, तेही फिरणारं आणि स्प्रिंगखालचं. एकीकडे दिसण्यासाठी ते चढवायचं आणि दुसरीकडे वजनाच्या नावाखाली स्टेपनी काढायची, हे सुसंगत नाही.

त्याहून गंभीर बाब किटची आहे. किटमधला द्रव ट्रेडमधलं भोक बुजवण्यासाठी असतो, नियमातही ट्रेडचाच उल्लेख आहे. खिळा किंवा बाभळीचा काटा असेल तर काम भागतं. साइडवॉल कापली गेली किंवा वाकलेल्या रिममधून हवा निघू लागली, तर तो द्रव निरुपयोगी. काळ्या मातीवरच्या रस्त्यावर लो प्रोफाइल (कमी उंचीच्या भिंतीच्या) टायरचं जे नुकसान जास्त होतं, नेमकं त्याच नुकसानीवर किट चालत नाही. रात्री अकराला औंढा ते हिंगोली किंवा आष्टी ते जामखेड अशा टप्प्यात हवेच्या दाबाचा इशारा पडद्यावर दिसेल, पण चाक कुठून येणार? रिम मोठी करणं आणि स्टेपनी काढणं हे निर्णय एकाच गाडीत एकत्र यायला नको होते. निदान स्टेपनी नसलेल्या गाडीला उंच भिंतीचा टायर असावा, एवढी अट तरी हवी होती.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालना, छत्रपती संभाजीनगरच्या गाड्या काँक्रीटवर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेने धावू लागल्या. कमी हवेचा टायर या वेगात तापून फुटतो, म्हणून तिथे दाब सांगणारी यंत्रणा मोलाची. पण इंटरचेंज उतरून गावाकडे वळलं की त्याच टायरला तुटलेल्या कडा झेलाव्या लागतात. अशा दुहेरी वापरात कारखान्याने त्याच मॉडेलला दिलेल्या मापांपैकी सर्वांत लहान रिम आणि उंच टायर हीच निवड योग्य ठरते. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकालही आहे. कारखान्याच्याच मापात राहिलं की तो वाद उद्भवत नाही.

टायरचं घर्षण आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांचे किमान निकष नव्या रचनेच्या टायरना ऑक्टोबर २०२२ पासून, तर आधीच्या टायरना एप्रिल २०२३ पासून लागू झाले. साइडवॉल खड्ड्यात किती टिकते, याचा त्यांत समावेश नाही. स्टेपनी नसलेल्या काही गाड्यांना ती वेगळे पैसे भरून मिळते. डिकीच्या तळाशी तिची खोबणी ठेवली आहे की नाही, हे मात्र गाडीगणिक बदलतं आणि बुकिंगच्या आधी डिकी उघडूनच पाहावं लागतं.