रक्तातील लोह आणि प्रोस्टेटचा कर्करोग

पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजेच प्रोस्टेटचा कर्करोग आणि शरीरातील लोह यांचे नाते दुहेरी आहे. कर्कपेशींना वाढण्यासाठी लोह लागते. पण पसरलेला रोग आणि त्यावरचे उपचार रक्तातले लोह किंवा हिमोग्लोबिन खाली आणतात. म्हणून तपासणीत लोह कमी दिसत असताना गाठीतल्या पेशींनी मात्र ते साठवून ठेवलेले असू शकते. हे लक्षात न घेता केवळ एका आकड्यावरून रोग वाढला की आटोक्यात आला हे ठरवणे चुकीचे आहे.

प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ४ ग्रॅम लोह असते. त्यातले दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते, तर उरलेल्यापैकी बरेचसे यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेत साठलेले असते. ट्रान्सफेरिन या प्रथिनाला बांधून रक्तात फिरणारे लोह जेमतेम ३ ते ४ मिलिग्रॅम भरते. ‘सीरम आयर्न’ची तपासणी एवढेच मोजते. हा आकडा दिवसाच्या वेळेनुसार आणि नुकत्याच घेतलेल्या लोहाच्या गोळीमुळेही बदलतो.

पेशी विभागताना डीएनए नव्याने घडवावा लागतो आणि ते घडवणाऱ्या एका मुख्य विकराला लोहाशिवाय काम करता येत नाही. त्यामुळे अनेक कर्कपेशींच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिन ओढून घेणारे ग्राही वाढलेले दिसतात. पेशीतून लोह बाहेर सोडणारे दार एकच माहीत आहे, ते म्हणजे फेरोपोर्टिन. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक ते दार बंद करते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रोस्टेटच्या कर्कपेशी स्वतःच हेप्सिडिन बनवतात आणि आपले लोह आतच अडवतात, असे आढळले. रक्तातल्या आकड्याला या स्थानिक साठ्याचा पत्ताही लागत नाही. मात्र हे लोह पेशीला धोक्याचेही असते. ते अतिक्रियाशील मूलके निर्माण करते, डीएनएला इजा करते आणि पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण हाताबाहेर गेले तर पेशी मरते. या मृत्यूला २०१२ मध्ये ‘फेरोप्टोसिस’ हे नाव मिळाले. औषधांना दाद न देणाऱ्या प्रोस्टेट कर्करोगात त्याचा उपयोग करता येईल का, यावर प्रयोगशाळांत काम चालू आहे.

रक्ताच्या बाजूने पाहिले तर लोह किंवा हिमोग्लोबिन कमी होण्याची कारणे अनेक असतात. दीर्घकाळच्या दाहामुळे यकृत जास्त हेप्सिडिन सोडते. आतड्यातून लोह कमी शोषले जाते आणि साठ्यातले बाहेर पडत नाही. अशा वेळी सीरम लोह कमी, पण फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) नेहमीइतके किंवा वाढलेले असते. दाहात आणि यकृताच्या विकारात फेरिटिन तसेही वाढते, तेव्हा वाढलेले फेरिटिन हा जास्तीच्या लोहाचा पुरावा नव्हे. रोग हाडांत पसरला की कर्कपेशी अस्थिमज्जेची जागा घेतात व रक्तनिर्मिती मंदावते.

आणखी एक कारण उपचारांचे. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवले, की पुरुषी संप्रेरके काढून घेतल्यास हा कर्करोग मागे हटतो. तोच उपचार आजही पसरलेल्या रोगाचा पाया आहे. पण टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशींच्या निर्मितीलाही चालना देते. ते बंद झाल्यावर काही महिन्यांत हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ग्रॅम प्रति डेसिलिटरने उतरू शकते. ही लोहाची कमतरता नसते, त्यामुळे लोहाच्या गोळ्यांनी ती भरून निघत नाही. रुग्णांच्या घरच्यांना हे आधीच समजावून सांगायला हवे. नाहीतर प्रत्येक घसरण त्यांना रोग वाढल्याची खूण वाटते.

आहारातील लोह आणि या कर्करोगाचा धोका यांवरील निरीक्षणांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या रुग्णांचे रक्त ठरावीक काळाने काढून लोहसाठा कमी केला, तेव्हा नवे कर्करोग कमी आढळले. पण ते प्रोस्टेट कर्करोगाचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, आणि आधीच झालेला रोग त्यामुळे मंदावतो असे त्यावरून म्हणता येत नाही. रोगाची वाटचाल पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजले जाणारे प्रथिन), स्कॅन आणि लक्षणांवरूनच पाहिली जाते. पुढच्या टप्प्यातील रुग्णांचे आयुर्मान वर्तवताना हिमोग्लोबिन विचारात घेतात, सीरम लोह नाही.

लोहाची खरी कमतरता ओळखण्यासाठी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिनची संपृक्तता (त्याचा किती भाग लोहाने भरलेला आहे) एकत्र पाहावी लागतात. ती सिद्ध झाल्यास लोह द्यावेच. दाहामुळे गोळी शोषली जात नसेल तर शिरेतून. रक्तस्राव कुठून होतो हेही शोधावे लागते: लघवीतून, किरणोपचारानंतर गुदाशयातून, किंवा प्रोस्टेटशी काही संबंध नसलेल्या जठराच्या व्रणातून वा मोठ्या आतड्याच्या गाठीतून.