नेटबुकपासून जिओबुकपर्यंत: छोट्या, स्वस्त लॅपटॉपमागची पार्श्वभूमी

जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो. पंधरा-सोळा हजारांत अकरा इंची लॅपटॉप मिळतोय, मुलीसाठी घेऊ का? हो किंवा नाही म्हणण्याआधी या यंत्राची वंशावळ पाहावी, असं मला मनापासून वाटतं. आज दुकानात दिसणाऱ्या छोट्या लॅपटॉपमध्ये काय असेल आणि काय नसेल, हे बरंचसं २००७ ते २०१० या काळातच ठरून गेलं आहे.

त्याआधी संगणकाच्या दुनियेत लहान म्हणजे महाग, असा सरळ हिशोब होता. १९८१ चा ऑस्बोर्न १ हा ‘पोर्टेबल’ संगणक सुमारे ११ किलोंचा आणि त्याचा पडदा ५ इंचांचा. १९८३ मध्ये आलेला टीआरएस-८० मॉडेल १०० चार पेन्सिल सेलवर चालायचा. पडद्यावर मजकुराच्या आठच ओळी मावत, तरी वार्ताहरांनी तो वर्षानुवर्षं वापरला. तोशिबाचा १९९६ मधला लिब्रेटो जेमतेम ८४० ग्रॅमचा होता. या सगळ्यांत यंत्र आटोपशीर करण्याचेच पैसे मोजावे लागत.

छोटं आणि स्वस्त यांची सांगड घालण्याचा एक गंभीर प्रयत्न आपल्याच देशात झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी मिळून १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. हातात मावणारं, लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणारं, भारतीय भाषांत वाचून दाखवणारं यंत्र नऊ हजार रुपयांच्या आसपास द्यायचं, असा बेत होता. गावातल्या अनेकांनी एकच यंत्र वापरावं म्हणून त्यात स्मार्टकार्डाची सोय केली होती. ज्याचं कार्ड, त्याची माहिती. कल्पना विलक्षण होती. २००४ मध्ये ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आला तेव्हा यंत्र नुसतं कलवून पान उलटता येत होतं, आणि आयफोन यायला अजून तीन वर्षं होती. पण काळ्या-पांढऱ्या पडद्याचं साधं मॉडेल ९,९५० रुपयांना आणि रंगीत मॉडेल वीस हजारांच्या घरात गेलं. अपेक्षा पन्नास हजार नगांची होती, विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही. लाखांनी बनवल्याशिवाय स्वस्त होत नाही आणि स्वस्त झाल्याशिवाय लाखांनी खपत नाही, या कोंडीत एक चांगलं यंत्र अडकलं, याची मला अजून हळहळ वाटते.

ती कोंडी फुटली अमेरिकेतून, तीही आडमार्गानं. एमआयटीच्या मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये जगातल्या गरीब मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, ७.५ इंची पडद्याचा तो एक्सओ लॅपटॉप २००७ च्या अखेरीस तयार झाला, तेव्हा त्याची किंमत १८८ डॉलर झाली होती. मेरी लू जेप्सेन यांनी रचलेला त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येई. आजच्या स्वस्त लॅपटॉपवर उन्हात काही दिसत नाही, हे पाहिलं की मागे काय राहून गेलं ते कळतं. भारत सरकारनं २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. मंत्रालयाचं म्हणणं होतं की अशा साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज जास्त तातडीची आहे. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावच्या एका खोलीच्या शाळेत वीसेक मुलांच्या हाती हे लॅपटॉप आले. देशातला या प्रकल्पाचा तो पहिला प्रयोग.

शंभर डॉलरचं स्वप्न पुरं झालं नाही, पण त्यानं तैवानच्या कंपन्यांना एक गोष्ट दाखवून दिली. कमी ताकदीचा, हलका लॅपटॉप लोकांना हवा होता, आणि फक्त गरीब देशांतल्या लोकांनाच नव्हे. ऑक्टोबर २००७ मध्ये आसूसनं ईई पीसी ७०१ आणला. सात इंची पडदा, ९०० मेगाहर्ट्झचा पण मुद्दाम ६३० वर धावणारा सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्त प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, डिस्कच्या जागी पेनड्राइव्हसारखी ४ जीबी फ्लॅश साठवण, लिनक्स आणि वजन एक किलोहून कमी. सुरुवातीला १९९ डॉलरची भाषा झाली होती, प्रत्यक्षात हे मॉडेल ३९९ डॉलरला मिळालं. तरी हातोहात खपलं. वर्षभरात एसर, डेल, एचपी, लेनोवो, एमएसआय सगळे या रिंगणात उतरले. आपल्याकडे एचसीएलनं २००८ च्या सुरुवातीला मायलीप आणला.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २००८ मध्ये इंटेलनं या यंत्रांसाठी ॲटम चिप काढली आणि त्यांना नेटबुक हे नाव रूढ केलं. ॲटम एन२७० जेमतेम अडीच वॉट वीज घेई, कारण तिची रचनाच साधी होती. आलेल्या आज्ञा ती आल्या क्रमानंच पार पाडते. रेशनच्या रांगेत पुढचा माणूस अडला की मागचे सगळे उभे राहतात, तसं. मोठ्या प्रोसेसरमध्ये मागच्या तयार गिऱ्हाइकाला आधी मोकळं करण्याची सोय असते, ती इथे वगळली होती. वर तिच्याबरोबरची चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप, जुन्या वळणाची, चिपपेक्षाही जास्त वीज खाणारी.

मायक्रोसॉफ्टची अडचण निराळी होती. विंडोजची तेव्हाची नवी आवृत्ती व्हिस्टा या यंत्रांना झेपत नव्हती आणि ईई पीसीवर लिनक्स सुखानं चाललं होतं. म्हणून जून २००८ मध्ये निवृत्त होणाऱ्या विंडोज एक्सपी होमला फक्त छोट्या, स्वस्त यंत्रांसाठी मुदतवाढ मिळाली. अट अशी की रॅम १ जीबीपेक्षा जास्त नको. पडद्यावर आणि डिस्कवरही मर्यादा होत्या. २००९ च्या ऑक्टोबरात विंडोज ७ स्टार्टर आलं, त्यात पडद्यावरचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. म्हणजे नेटबुक मंद होतं ते केवळ स्वस्त भागांमुळे नाही. त्यानं चाळीस हजारांच्या लॅपटॉपचं गिऱ्हाईक पळवू नये म्हणून त्याच्यावर छत घातलेलं होतं. दहा इंची पडद्याच्या, १ जीबी रॅमच्या त्या सगळ्या यंत्रांत कंपनीच्या नावाखेरीज फारसा फरक उरला नाही, त्याचं कारण हेच. कमी पैशात कमी मिळणं रास्त आहे, पण देता येत असून न देणं ही वेगळी गोष्ट आहे.

मराठी लिहिणाऱ्यांना यात आणखी एक खोडा होता. एक्सपीवर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखी राहणारी, देवनागरी नीट दिसण्यासाठी जोडाक्षरांच्या लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे, आणि ती बसवताना विंडोज अनेकदा मूळ सीडी मागायचं. नेटबुकला सीडी घालायची जागाच नव्हती! मी तेव्हा शेजाऱ्यांच्या डेस्कटॉपवरून फाइली पेनड्राइव्हवर आणून ते काम केलं होतं. अक्षरं जुळली, ‘क्ष’ आणि ‘त्र’ पडद्यावर सरळ उभे राहिले, तो आनंद विसरता येत नाही. मग त्याच यंत्रावर एसटीत बसून पानंच्या पानं लिहिली. म्हणूनच नेटबुकला सरसकट टाकाऊ म्हणणं मला मान्य नाही. फक्त लिहायचं असेल तेव्हा ते पुरेसं होतं.

जानेवारी २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवताना नेटबुक कशातच सरस नाही असं सांगितलं. गिऱ्हाईक टॅब्लेटकडे वळलं आणि २०१२ संपता संपता आसूस आणि एसर यांनी नेटबुक बनवणं थांबवलं. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिबल यांनी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त सरकारी आकाश टॅब्लेटचं अनावरण केलं. पहिल्या आकाशमध्ये ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोट दाबून वापरावा लागणारा पडदा होता. पुढे प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला आणि २०१२ च्या नोव्हेंबरात बरीच सुधारलेली आवृत्ती निघाली. तोवर साध्या अँड्रॉइड फोनांनी तेच काम जास्त चांगलं करायला सुरुवात केली होती.

छोटा लॅपटॉप मेला मात्र नाही. २०१६ मध्ये आयबॉल कॉम्पबुक ९,९९९ रुपयांना आला, त्यात विंडोज १०, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी. हा ईएमएमसी म्हणजे फोनात असते तशी, मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली साठवण. रॅमही तशीच. जुन्या नेटबुकचा मागचा पत्रा उघडून बहुधा रॅमची पट्टी किंवा डिस्क बदलता येई, इथे तो मार्गच बंद. विंडोजचे मोठे अपडेट ३२ जीबीत मावेनात, तेव्हा जागा करण्यासाठी लोकांनी स्वतःच्या फाइली पुसल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, त्यामुळे या यंत्रांना पुढे जायला वाटच नाही.

गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या क्रोमबुकनं २०११ पासून दुसरा रस्ता धरला. काम ब्राउझरमध्येच करायचं, मग कमी रॅमही पुरते. त्यांच्या अपडेटला ठरावीक मुदत असते. गूगलनं २०२३ मध्ये ती दहा वर्षांपर्यंत वाढवली, पण मोजणी सुरू होते मॉडेलच्या मूळ रचनेपासून, खरेदीच्या तारखेपासून नाही. जुलै २०२३ मध्ये जाहीर झालेला जिओबुक १६,४९९ रुपयांचा, ९९० ग्रॅमचा, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणीचा. आत मीडियाटेकची मोबाइलच्या घराण्यातली चिप आणि जिओची स्वतःची प्रणाली. विंडोजवरचं टॅली किंवा ऑटोकॅड त्यावर थेट बसत नाही. बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एवढी एक गोष्ट निर्णायक ठरावी. नोट्स, ईमेल, व्हिडिओ व्याख्यानं आणि मराठी टंकलेखन यांपुरतंच काम असेल, तर मात्र मी तो घ्यायला नको म्हणणार नाही.

साधारण तेवढ्याच पैशात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांनी काढून टाकलेले, तपासून दुरुस्त केलेले व्यावसायिक लॅपटॉप मिळतात. वजन जास्त, बॅटरी थकलेली, पण त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांची रॅम आणि डिस्क बदलता येते. नगाचं आयुष्य त्यामुळे वाढतं. लिनक्सही त्यांच्यावर सहज चालतं. २००८ च्या नेटबुकांचा निभाव आजवर लागला तोही लिनक्सवरच. पण ॲटम एन२७० जुन्या, ३२ बिटी पिढीची आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीनं ३२ बिटी पीसीवर नव्यानं बसवण्याची सोय काढून टाकली.