केंटच्या एथेलबर्टच्या सोयरिकी

सहाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड नावाचा एकसंध देश नव्हता. अँग्लो-सॅक्सनांची लहानमोठी राज्यं होती, त्यांतलं केंट फ्रान्सच्या किनाऱ्याला सर्वांत जवळचं. तिथला राजा एथेलबर्ट. त्याच्या नावावर गाजलेला विजय नाही. जुन्या इतिवृत्तात आहे तो 568 मधला पराभव. तरी हंबर नदीच्या दक्षिणेकडची राज्यं त्याचं वर्चस्व मानत, असं बीड हा इतिहासकार भिक्षू लिहितो. हे वजन कशाने आलं ते पाहायचं तर लढायांपेक्षा लग्नं पाहावीत.

त्याची राणी बर्था पॅरिसच्या फ्रँक (आजच्या फ्रान्सवर तेव्हा राज्य करणाऱ्या जमातीच्या) राजाची, चॅरिबर्टची मुलगी. तिला तिचा ख्रिस्ती धर्म पाळू द्यायचा, या अटीवर माहेरच्यांनी ती दिली. सोबत ल्युदहार्ड नावाचा बिशपही आला. कँटरबरीतल्या सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये ती प्रार्थनेला जाई. ते आजही वापरात आहे. एथेलबर्टने 56 वर्षं राज्य केलं आणि 616 मध्ये तो वारला, हा बीडचा हिशेब. पण त्याच काळातला फ्रँक बिशप, तूरचा ग्रेगरी, बर्थाच्या नवऱ्याला ‘केंटच्या राजाचा मुलगा’ म्हणतो. म्हणजे लग्नाच्या वेळी सासरा गादीवर असावा, आणि 56 ही राज्याची वर्षं नसून राजाचं वय असावं, अशी काही अभ्यासकांना शंका येते. मलाही ती रास्त वाटते.

597 मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी पाठवलेला भिक्षू ऑगस्टीन केंटमध्ये उतरला. राजाने त्याची भेट घेतली ती थॅनेट बेटावर, उघड्यावर. छपराखाली पाहुण्यांची जादू चालेल ही धास्ती! पुढे त्याने बाप्तिस्मा घेतला आणि इंग्रजीत लिहिलेला सर्वांत जुना ज्ञात कायदाही करवून घेतला. त्यात अंगठा तोडला तर भरपाई 20 शिलिंग, करंगळीला 11 आणि मधल्या बोटाला अवघे 4.

बहीण रिकुला एसेक्सच्या राजघराण्यात दिलेली होती. भाचा सेबर्ट तिथला राजा झाला, त्यानेही मामाचा धर्म घेतला. 604 मध्ये सेंट पॉलचं चर्च उभं राहिलं ते त्याच्या लंडनमध्ये, पण मामाच्या पुढाकाराने.

मुलगा एडबाल्ड मात्र वेगळा निघाला. बाप गेल्यावर त्याने सावत्र आईशीच लग्न केलं आणि बाप्तिस्मा नाकारला. पुढे तोही वळला, पण तोवर एसेक्सही नव्या धर्मातून निसटलं होतं.

मुलगी एथेलबर्गा उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियाच्या एडविनला दिली. अट पुन्हा आईच्या लग्नातलीच, सोबत बिशप पॉलिनस. 627 च्या ईस्टरला एडविनने बाप्तिस्मा घेतला. 633 मध्ये तो लढाईत पडला, तेव्हा राणी मुलांना घेऊन समुद्रमार्गे माहेरी परतली.

त्या मुलांतली ईनफ्लेड मोठी झाल्यावर पुन्हा नॉर्थम्ब्रियातच, ऑस्विउ राजाकडे दिली गेली. तो आयरिश परंपरेने सणांची तिथी धरी, ती केंटच्या, म्हणजे रोमच्या पद्धतीने. त्यामुळे एखाद्या वर्षी राजाकडे ईस्टरची मेजवानी चाले आणि राणीचे ईस्टरआधीचे उपवास संपलेले नसत. 664 मध्ये या तिथीच्या वादावर व्हिटबीला भरलेल्या धर्मसभेत राजाने निकाल दिला, तो राणीच्या पंचांगाच्या बाजूने.