साबुदाण्याची खिचडी किती जुनी?

‘उपवासाला साबुदाणा ऋषीमुनींपासून चालत आलाय,’ असं दर एकादशीला ऐकायला मिळतं. हे खरं नाही.

साबुदाणा हे धान्य नाही, बी तर नाहीच. टॅपिओका नावाच्या कंदाचं पीठ पाण्यात निवळून, त्याचे गोळे करून भाजतात, तो साबुदाणा. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. तमिळनाडूत सेलमला साबुदाण्याचे कारखाने निघाले ते 1940 च्या दशकात. खिचडीतला बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची हेही अमेरिकेतलेच. म्हणजे 1498 मध्ये पोर्तुगीज यायच्या आधी त्या कढईत घालायला जिरं, तूप आणि सैंधवच होतं!

मग उपवासाला चाललं कसं? नियम होता धान्य न खाण्याचा, कंदमुळं चालत. नवा कंद त्या नियमात अलगद बसला. कोथिंबिरीचं मात्र अजून घरोघरी वेगळं: माहेरी चालते, सासरी नाही.

खरी जुनी मंडळी म्हणजे वरई, शिंगाडा, सुरण. तरी रात्री भिजवलेला दाणा सकाळी बोटांत दाबून बघणारी आई परंपराच पाळत असते. ती परंपरा तरुण आहे, इतकंच.