बटाटा ताटात कुठे बसतो?

१९२८ साली ‘बायोकेमिकल जर्नल’ या शोधपत्रिकेत जेमतेम तीन पानांचा एक निबंध छापून आला. स्तानिस्लाव कोन आणि अनिएला क्लाइन या संशोधकांनी त्यात एका प्रयोगाची हकीकत दिली होती. एक पुरुष आणि एक स्त्री सलग १६७ दिवस जवळजवळ फक्त बटाट्यांवर राहिले. सोबतीला चरबी आणि थोडीफार फळं, एवढंच. प्रथिनं म्हणून जे काही मिळायचं ते बटाट्यातूनच. शरीरातून रोज जेवढा नायट्रोजन बाहेर पडतो तेवढा या आहारातून भरून निघतो का, म्हणजेच प्रथिनांची झीज भागते का, हे पाहायचं होतं. ती भागली. दोघांची तब्येत चांगली राहिली, पचनाची तक्रार उद्भवली नाही, आणि निबंधात आवर्जून नोंदवलं आहे की इतके महिने तेच ते खाऊनही दोघं कंटाळले नाहीत.

दोनच माणसांवर केलेल्या प्रयोगावरून जगाचा आहार ठरत नाही, आणि असं कोणी राहावं असं मी सुचवतही नाही. बटाट्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, ब-१२ अजिबात नसतं, कॅल्शियमही फार थोडं. पण बटाटा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात घेण्यासारखं काही नाही, ही समजूत जवळपास शंभर वर्षांपूर्वीच खोटी ठरली होती. तरीही वजन उतरवायचं म्हटलं की पहिली कुऱ्हाड बटाट्यावरच पडते. ती सरसकट पडावी असं पुराव्यात काही नाही.

१०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ७९ ग्रॅम पाणीच असतं. उरलेल्यात १७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, २ ग्रॅम प्रथिनं, २ ग्रॅम तंतुमय पदार्थ, आणि चरबी जेमतेम ०.१ ग्रॅम. कॅलरी साधारण ७७. उकडल्यावर ८७ च्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या पांढऱ्या भातात सुमारे १३० कॅलरी असतात. पोटॅशियम म्हटलं की लोकांना केळं आठवतं, पण वजनाला वजन लावलं तर बटाट्यात ते केळ्यापेक्षा जास्त असतं, १०० ग्रॅमला ४०० मिलिग्रॅमच्या वर. रक्तदाब आटोक्यात ठेवायला ते मदत करतं आणि बहुतेकांच्या आहारात ते कमीच पडतं.

क जीवनसत्त्वाचं तर मला विशेष वाटतं. कच्च्या बटाट्यात ते १०० ग्रॅममागे २० मिलिग्रॅमच्या जवळपास असतं. शिजवताना घटतं, तरी सालासकट उकडल्यास १३ मिलिग्रॅमच्या आसपास शिल्लक राहतं. म्हणजे २५० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यातून ३० मिलिग्रॅमच्या वर. प्रौढ माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ४५ मिलिग्रॅमची आहे. ज्यांना फळं परवडत नव्हती त्यांना या आकड्याने शतकानुशतकं वाचवलं. आयर्लंडमध्ये १८४५ पासून करप्याने बटाट्याचं पीक बुडालं, तेव्हा उपासमारीच्या पाठोपाठ स्कर्व्हीही आला. क जीवनसत्त्वाचा रोजचा पुरवठाच आटला होता.

‘सगळं सत्त्व सालीतच असतं’ असं ऐकायला मिळतं, ते मात्र खरं नाही. सालीत तंतुमय पदार्थ चांगले असतात, पण क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम यांचा मोठा वाटा गरातच असतो. सालासकट उकडण्याचा खरा फायदा असा की हे पाण्यात विरघळणारे घटक गरातून निसटून पाण्याबरोबर ओतून दिले जात नाहीत.

मग बटाट्याबद्दल तक्रार नेमकी कशाची? स्टार्चची. आणि ती तक्रार खरी आहे, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

बटाट्याच्या पेशींमध्ये स्टार्च सूक्ष्म कणांच्या रूपात साठवलेला असतो. हे कण धान्यांतल्या कणांपेक्षा बरेच मोठे. काही तर १०० मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. कणांत ग्लुकोजच्या साखळ्या असतात, दोन प्रकारच्या: लांब, फारसे फाटे न फुटलेला अमायलोज आणि भरपूर फांद्या असलेला अमायलोपेक्टिन. कच्च्या बटाट्यात या साखळ्या घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या गुंड्यासारख्या बसलेल्या असतात. पाचक विकरांना आत शिरायला वाव नसतो, त्यामुळे कच्चा स्टार्च लहान आतड्यात फारसा पचतच नाही. पाण्याचं तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की पाणी कणांत घुसतं, कण फुगतात, फुटतात, साखळ्या मोकळ्या होतात. गरमागरम, मऊ, कुस्करलेल्या बटाट्यात विकरांचं काम निम्मं झालेलंच असतं. ग्लुकोज भराभर सुटतं आणि रक्तातली साखर वेगाने चढते.

हा वेग मोजायला ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ वापरतात. टोरोंटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ही पद्धत मांडली. शुद्ध ग्लुकोज १०० धरला तर बटाटा कुठे बसतो? याचं एकच उत्तर नाही. वाण, शिजवण्याची रीत आणि खाताना तो गरम होता की गार, यांनुसार मोजमापं पन्नाशीपासून नव्वदीपर्यंत पसरलेली आहेत. एकच आकडा छापून ‘बटाटा वाईट’ असा निकाल देणाऱ्या तक्त्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही. शिवाय हा निर्देशांक उपाशीपोटी एकटा पदार्थ खायला देऊन काढतात. जेवणात बटाट्याबरोबर डाळ, अंडं, दही, पालेभाजी, थोडं तेल असेल तर पोट सावकाश रिकामं होतं आणि साखरेचा चढही मंदावतो.

शिजलेला बटाटा गार होऊ लागला की आणखी एक गोष्ट घडते. मोकळ्या झालेल्या साखळ्या, त्यातही अमायलोजच्या, पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट रचना करतात. हा स्टार्च विकरांना दाद देत नाही, म्हणून त्याला प्रतिरोधी स्टार्च म्हणतात. तो न पचता मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ब्युटिरेट हे मुख्य इंधन. बटाटा पुन्हा गरम केला तरी ही रचना पूर्णपणे मोडत नाही.

या माहितीचा हल्ली फार गाजावाजा होतो, म्हणून प्रमाण सांगायला हवं. गरम बटाट्यात प्रतिरोधी स्टार्च १०० ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम असतो, गार केल्यावर तो ४ ग्रॅमच्या थोडा वर जातो. म्हणजे फरक आहे, पण थोडा. रात्री उकडून सकाळी खाल्लेला बटाटा ‘साखरमुक्त’ होत नाही. त्यातला बहुतेक स्टार्च पचतोच. आम्लाचा परिणाम मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात उकडून गार केलेले बटाटे व्हिनेगर घालून दिले, तेव्हा रक्तातली साखर आणि इन्सुलिन दोन्ही गरम बटाट्यांपेक्षा कमी चढले.

साखर वेगाने चढवणारा पदार्थ खाल्ला की लवकर भूक लागते, असं आपण धरून चालतो. बटाट्याने हा अंदाज चुकवला. सिडनी विद्यापीठातल्या सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ३८ पदार्थांची तुलना केली. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरी भरतील एवढाच द्यायचा आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं हे दर पंधरा मिनिटांनी विचारायचं. पांढरा पाव १०० धरला. उकडलेला बटाटा ३२३ वर गेला, सगळ्या ३८ पदार्थांत पहिला. फ्रेंच फ्राइज ११६ वर राहिले. एकाच कंदाचे हे दोन आकडे आहेत.

याचं कारण हिशेब मांडला की दिसतं. २४० कॅलरींसाठी उकडलेला बटाटा पाव किलोहून जास्त, म्हणजे सुमारे २७५ ग्रॅम खावा लागतो. त्याच कॅलरी ७५-८० ग्रॅम फ्राइजमध्ये मिळतात आणि चिप्स असतील तर ४५ ग्रॅमच पुरे. पहिल्यात जठर ताणलं जातं, चावायला वेळ लागतो. ४५ ग्रॅम चिप्स बोलता बोलता संपतात.

तळताना नेमकं काय होतं ते बघण्यासारखं आहे. काप गरम तेलात पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती जोराने बाहेर येते. कढईतले बुडबुडे म्हणजे ही वाफ. ती बाहेर रेटत असते तोवर तेल फारसं आत शिरू शकत नाही. काप बाहेर काढून निवू लागला की आत उरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, तिथला दाब घटतो आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल पाण्याने रिकाम्या केलेल्या पोकळ्यांत ओढलं जातं. म्हणून काढल्या काढल्या तेल निथळून, टिपून घेतलं तर खरोखर फरक पडतो. आणि म्हणूनच काप जितका पातळ तितकं तेल जास्त: चिप्समध्ये पाणी जवळजवळ सगळं निघून जातं आणि वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेलाचा होतो. मूळच्या ०.१ ग्रॅम चरबीचे ३५ ग्रॅम होतात. वर मीठ.

तळणात आणखी एक भानगड आहे. १२० अंशांच्या वर, कोरड्या उष्णतेत, बटाट्यातलं अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ते अन्नात दाखवून दिलं. प्राण्यांत ते कर्करोगकारक आहे. माणसांच्या आहाराच्या पाहण्यांत मात्र तसा सुसंगत संबंध दिसलेला नाही. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण रंग सोनेरी झाला की थांबावं, तपकिरी होऊ देऊ नये. उकडताना तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

लोकांच्या प्रत्यक्ष आयुष्यातही हा फरक दिसतो. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सुमारे १,२०,००० अमेरिकी प्रौढांचा अभ्यास आला. चार वर्षांच्या काळात रोजच्या खाण्यात एक वाढप फ्राइज वाढवणाऱ्यांचं वजन सरासरी दीड किलोने जास्त वाढलं होतं. उकडलेल्या, भाजलेल्या किंवा कुस्करलेल्या बटाट्यासाठी तोच आकडा पाव किलोच्या आसपास होता. २०२५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २ लाखांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांची काही दशकांची माहिती तपासली गेली. आठवड्याला फ्राइजच्या तीन वाढपांमागे टाइप २ मधुमेहाचा धोका २० टक्क्यांनी जास्त दिसला. उकडलेल्या, भाजलेल्या, कुस्करलेल्या बटाट्याच्या बाबतीत अशी ठळक वाढ दिसली नाही. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. फ्राइज खाणारे इतर अनेक बाबतींतही वेगळे असतात, आणि आकडेमोडीत ते सगळं धुऊन निघत नाही. तरी दोन्हीकडे बोट एकाच दिशेला आहे.

२०२५ च्या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे. बटाट्याच्या जागी अख्खं धान्य आलं तर मधुमेहाचा धोका कमी दिसला. त्याच जागी पांढरा तांदूळ आला तर तो वाढलेला दिसला. बटाटा चांगला की वाईट हे तो कोणाची जागा घेतो यावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, आणि त्या ४०० ग्रॅममध्ये बटाटा धरत नाही. स्टार्चने भरलेले कंद त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. घरोघरी मात्र आपण तो भाजी म्हणून मोजतो. धान्य नेहमीएवढंच वाढून घेतो, वर बटाटा घेतो, आणि हिरव्या भाजीची जागा भरली असं समजतो. अशाने कर्बोदकं दुप्पट होतात आणि भाजी होतेच कुठे!

म्हणून बटाटा भाजीच्या हिशेबातून काढून धान्याच्या हिशेबात धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जेवणात मध्यम आकाराचा, १५० ग्रॅमचा बटाटा आला तर २५-३० ग्रॅम कर्बोदकं आली. तेवढं धान्य कमी करावं आणि भाजी वेगळी घ्यावी. मधुमेह असलेल्यांनाही याच हिशेबाने तो खाता येतो. स्वतःची साखर जेवणानंतर मोजून पाहिली तर आपल्याला किती झेपतो ते कळतंही.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांची गोष्ट निराळी. ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं आहे, त्यांनी वरचा सालासकट उकडण्याचा सल्ला उलटा करावा: सोलून, बारीक तुकडे करून, भरपूर पाण्यात उकडावं आणि ते पाणी फेकून द्यावं. पोटॅशियम सुमारे निम्म्यावर येतं. नुसतं भिजत ठेवून एवढा फरक पडत नाही.

आणि हिरवा पडलेला बटाटा कोणीच खाऊ नये. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने तो येतो त्याच उजेडाने सालीखाली सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्यंही वाढतात. कोंबांत ती सर्वांत जास्त असतात आणि उकडून नष्ट होत नाहीत. १९७९ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेल्या एका घटनेत लंडनमधल्या शाळेतली ७८ मुलं आदल्या सत्रातल्या उरलेल्या पोत्यातले बटाटे खाऊन आजारी पडली. सगळी बरी झाली, पण काहींची अवस्था गंभीर होती. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर, थंडाव्याच्या जागी ठेवावेत. लहानसा हिरवा डाग किंवा एखादा कोंब असेल तर भोवतालचा भाग खोलवर कापून टाकावा, बराच भाग हिरवा असेल तर अख्खा बटाटा टाकावा. शिजल्यावर कडू लागला, तर चवीकडे दुर्लक्ष करून तो संपवू नये.