न जेवणारी मुलगी आणि दोष कुणाचा: खाण्याच्या विकारांची पार्श्वभूमी

लंडनचे डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली क्षयावर ग्रंथ लिहिला. देह झिजवणारे नाना आजार त्यात आहेत, पण दोन रुग्ण बाकीच्यांत बसत नाहीत. एक मुलगी, वय अठराच्या आसपास. ताप नाही, खोकला नाही, पाळी बंद, रात्ररात्र पुस्तकात डोकं आणि अंगात नुसती हाडं. औषधांनी थोडा उतार पडला, मग तिला औषधांचाच वीट आला आणि काही महिन्यांत ती गेली. दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. अभ्यास सोड, गावाकडे जा, घोड्यावर बस, दूध पी, असं त्याला सांगितलं. तो बराच सुधारला. पहिल्याच नोंदीत मुलगा असूनही पुढे हा ‘पोरींचा आजार’ ठरला तो ठरलाच.

त्याआधी असं अन्न सोडणं देवाच्या नावावर जमा होई. सिएनाची संत कॅथरिन १३८० साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेली, तेव्हा तिचं खाणं जवळजवळ सुटलेलं होतं. सहा शतकांनंतर तिच्यावर आजाराचा शिक्का मारणारेही आहेत. मला ते पटत नाही.

१८७३ साली लंडनला विल्यम गल आणि पॅरिसला शार्ल लासेग या डॉक्टरांनी हा न जेवण्याचा आजार जवळपास एकाच वेळी मांडला. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचं. ठरावीक वेळाने खाऊ घाला, ऊब द्या, आणि शक्यतो घरच्यांना लांब ठेवा, हा त्यांचा उपाय. लासेग यांनी मात्र घर बारकाईने पाहिलं. घरच्यांकडे दोनच हत्यारं असतात, विनवण्या आणि धमक्या. दोन्ही वापरून बोथट होतात, आणि ताटाभोवतीच सगळं घर फिरू लागतं, असं त्यांचं निरीक्षण. दीडशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये जसंच्या तसं लागू पडेल.

मग १९१४ साली हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांना खंगून मेलेल्या एका बाईची मेंदूच्या तळाशी असणारी पिट्युटरी ग्रंथी खराब झालेली आढळली, आणि पुढची वीसेक वर्षं न जेवणाऱ्या मुलींचा दोष ग्रंथीवर गेला. त्यानंतर मनोविश्लेषणाचा जमाना आला. आता दोषी आई.

या सगळ्यात खुद्द उपासमार काय करते, हे कुणी नीट तपासलं नव्हतं. ते झालं अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांच्या प्रयोगात स्वतःहून आले. १९४५ साली सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. एरवी हसतमुख असलेली ही मंडळी ताटं चाटू लागली, एक जेवण तासन्‌तास पुरवू लागली. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली. चिडचिड, एकलकोंडेपणा, भर उन्हाळ्यात थंडी, नाडी मंद. जेवण पुन्हा सुरू झालं, तेव्हा काहींना खाणं थांबवताच येईना. ज्या लक्षणांना डॉक्टर ‘त्या मुलींचा स्वभाव’ म्हणत आले, त्यातली कितीतरी भुकेचीच होती. म्हणजे कारणांची चर्चा नंतर. आधी शरीर सावरलं पाहिजे, नाहीतर मेंदू बोलण्याच्या स्थितीतच नसतो. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोलाचा धडा हाच आहे.

१९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी बुलिमियाचं वर्णन केलं: अधाशासारखं खाणं, मग भीतीने ते बाहेर काढणं. वजन बहुधा चारचौघांसारखं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. खुणा दुसरीकडे असतात: बोटांच्या सांध्यांवर घट्टे, झिजलेले दात, सुजलेले गाल. रक्तातलं पोटॅशियम उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ॲनोरेक्सिया असलेली अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर १९८३ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेली, तेव्हा कुठे सर्वसामान्यांना हा आजार जीव घेऊ शकतो हे कळलं.

रसेल लंडनच्या ज्या मॉड्स्ली रुग्णालयात होते, तिथेच ऐंशीच्या दशकात गल यांचा सल्ला उलटा झाला. आईवडील दोषी नाहीत, तेच उपचारातले मुख्य हात. मुलाच्या जेवणाची सूत्रं काही काळ त्यांच्याकडे द्यायची. किशोरवयातल्या ॲनोरेक्सियासाठी आज बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आधी वापरतात. बुलिमियासाठी विचार-वर्तन उपचार. उलटी न करता अधाशीपणे खाण्याच्या विकाराला मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीत स्वतंत्र जागा मिळायला २०१३ उजाडावं लागलं, आणि ॲनोरेक्सियासाठी पाळी बंद असण्याची अटही तेव्हाच गेली. मुलगे त्या अटीत बसणार तरी कसे!

बारीक दिसण्याचं वेडही प्रत्येकात नसतं. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ साली ७० रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्याहून अधिक जणांना लठ्ठपणाची भीती नव्हतीच. पोट भरल्यासारखं वाटतं, भूक नाही, एवढंच ते सांगत. भारतातल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत. आपल्याकडे तर लपायला जागा भरपूर: उपासाचे वार एकाएकी वाढतात, ‘क्लासमध्येच खाल्लं’ होतं, जेवण झालं रे झालं की बाथरूमचं दार बंद होतं, थंडी वाजते, चक्कर येते, केस गळतात. पित्ताच्या गोळ्यांत वर्ष निघून जातं.

एक धोका मात्र घरी ठाऊक हवा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट खाऊ घातलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरून हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धात सुटका झालेल्या कैद्यांमध्ये हे दिसलं होतं. म्हणून आधी डॉक्टर, रक्ततपासणी, ईसीजी, आणि आहार हळूहळू वाढवणं. कुठे जावं हेच सुचत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.