'वाइप-ऑन पॉली' लाकडात मुरतं? नाही!
लाकडाला चकाकी आणि संरक्षण देण्यासाठी फडक्याने पुसून लावायचं 'वाइप-ऑन पॉली' हे खास रसायन असतं आणि ते तेलासारखं लाकडात मुरून आतून संरक्षण देतं, असा समज हौशी सुतारमंडळींत वर्षानुवर्षं पक्का बसलाय. तसं काही नाही. तेलाधारित वाइप-ऑन म्हणजे साधं पॉलियुरेथेन व्हार्निश, फक्त जास्त पातळ केलेलं. त्याचा थर लाकडाच्या वरच बसतो. घरी व्हार्निश आणि मिनरल टर्पेंटाईन निम्मं-निम्मं मिसळलं तरी काम तेच होतं. जादा पैसे जातात ते सोयीचे.

'वाइप-ऑन कमजोर' हेही अर्धसत्यच. एक हात पातळ बसतो, म्हणून ब्रशच्या एका हाताची जाडी गाठायला साधारण तीन हात लागतात. जेवणाच्या टेबलाला सहा-सात द्या. पण ब्रशच्या रेघा नाहीत, ओघळ नाहीत, आणि थर लवकर सुकल्याने धूळही कमी चिकटते.

मात्र आपल्याकडे फर्निचरवाले ज्याला 'पीयू' (पॉलियुरेथेन) म्हणतात, ते बहुधा हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, घालायचं, दोन डब्यांचं. त्यात टर्पेंटाईन ओतू नका. त्याचा थिनर वेगळा. आणि तेलाधारित पॉलीची भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.